डावा, उजवा आणि एक खिडकी

शेजारी म्हणत, “काचवाल्याच्या घरात तिघं राहतात आणि तिघांचीही एकमेकांशी ओळख नाही.”

तिघे म्हणजे स्वतः काचवाला आणि त्याचे दोन साप. म्हणणाऱ्यांनी हे थट्टेने म्हटलेले असले तरी त्यात खोटे काही नव्हते. खाली रस्त्याला लागून त्याचे दुकान, वर दोन खोल्या. आतली स्वयंपाकाची, बाहेरच्या खोलीत त्याची खाट आणि काचेच्या दोन पेट्या. प्रत्येक पेटीत एक साप, पाण्याची एक वाटी, लपायला मडक्याचा पालथा घातलेला एक तुकडा आणि एका कोपऱ्यावर उबेपुरता एक छोटा दिवा. सापांना त्याने नावे दिली नव्हती. भिंतीजवळच्या पेटीतला तो डावा आणि खिडकीखालच्या पेटीतला तो उजवा, एवढ्यावर त्याचे भागत असे.

बोलणे तर त्याच्याकडे मोजूनमापूनच होते. काच कापताना श्वास रोखून धरावा लागतो. श्वास हलला की हात हलतो, हात हलला की रेघ हलते आणि मग काच आपल्या मनाला येईल तिथे तुटते. तीस वर्षे दिवसभर श्वास रोखणाऱ्या माणसाजवळ बोलण्यापुरती हवा शिल्लक राहत नसावी, असे तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचे मत होते. लग्नाचा विषय कुणी काढला, तर काचवाला उठून त्याच घराच्या खिडकीचे माप घेऊ लागे. अशा रीतीने गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांना नव्या काचा बसल्या आणि तो होता तसाच राहिला.

साप त्याने हौसेने आणले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी जीवशास्त्राचे एक प्राध्यापक तडकलेली काचपेटी दुरुस्तीला घेऊन आले. पेटीतले दोन साप तांबूस अंगाचे, विटकरी ठिपक्यांचे, बिनविषारी आणि रीतसर परवान्याचे होते. ते उशीच्या अभ्र्यात घालून प्राध्यापकांनी दुकानाच्या बाकावर ठेवले आणि “परवा नेतो” म्हणून गेले. परवा उलटला, वर्ष उलटले, प्राध्यापक काही उगवले नाहीत. काचवाल्याचा मात्र धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाईकाने ठेवलेली वस्तू गिऱ्हाईकाचीच. ती विकायची नाही, वापरायची नाही, तिच्यात फेरफार करायचा नाही. दुकानाची मागची भिंत अशा न नेलेल्या मालाने भरून गेली होती. ज्या जोडप्याच्या फोटोसाठी चौकट केली त्याला पुढे फोटोच नकोसा झाला, ती चौकट तिथे होती. एका दंतवैद्याने करून घेतलेले दुधी काचेचे दारही होते. त्यावर सुबक अक्षरांत कोरले होते: ‘कृपया बाहेर थांबावे. बोलावल्याशिवाय आत येऊ नये.’ दंतवैद्य गाव सोडून गेला. दार थांबून राहिले.

सापांच्या बाबतीत हा नियम त्याने एकदाच मोडला होता. ते आले तेव्हा एकाच पेटीत होते. महिनाभरात एक फुगला आणि दुसऱ्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. काचवाल्याने कुणाला न विचारता दुसरी पेटी केली, आणि दोन्ही पेट्यांना एकेक चिठ्ठी लावली: ‘दुरुस्तीचा माल. गिऱ्हाईक येईपर्यंत.’

अशा या घरात एका सोमवारी सकाळी त्याची थोरली बहीण येऊन दाखल झाली. सोबत एक शिलाई मशीन, तीन पिशव्या आणि मऊ फडक्यात गुंडाळलेली एक कात्री.

थोरलीचा नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती. ती मुलाकडे राहत होती. मुलाच्या घरात माणसे पाच आणि खोल्या अडीच. त्यातली अर्धी ती थोरलीची, म्हणजे फ्रीज आणि चपलांचे कपाट यांच्या मधली वाट. घरात सगळ्यांचा तिच्यावर जीव होता. इतका, की कुणीही, केव्हाही, तिला न उठवता तिच्यावरून ओलांडून जाई. निघताना मुलाने सांगितले होते, “आई, पंधरा दिवस मामाकडं हवापालट कर. पंधराव्या दिवशी मी गाडी घेऊन येतोच.” थोरलीने “बरं” म्हटले होते. परत जायचे नाही, हे मनाशी पक्के करूनच तिने “बरं” म्हटले होते.

“मुक्या, मी राहायला आले,” जिना चढून आल्यावर ती म्हणाली. लहानपणापासून ती धाकट्या भावाला याच नावाने हाक मारी.

“किती?”

“किती काय? माणसं? एकटीच आहे की.”

“दिवस.”

“जागा होईल तितके.”

काचवाल्याने खिशातून टेप काढली, मशीनची लांबी-रुंदी मोजली, खोलीभर नजर फिरवली आणि टेप पुन्हा खिशात टाकली. “तू आत झोप,” तो म्हणाला. “मशीन मावत नाही.”

हेच दुखणे होते. थोरलीला कुणाच्या जिवावर खायचे नव्हते. ब्लाउज, परकर, पडदे शिवून ती आपले आपण भागवू शकत होती. पण साठीच्या डोळ्यांना काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा तर खिडकीचा उजेडच पाहिजे, आणि घरातली एकुलती एक खिडकी उजव्याच्या ताब्यात होती. खिडकी उत्तरेची, म्हणजे ऊन नाही आणि उजेड दिवसभर. शिवणाऱ्याला हवी तशीच, आणि सापालाही. पंधरा दिवसांत मशीन तिथे मांडली गेली तर ती इथली. नाही तर पुन्हा फ्रीज आणि चपला.

मशीनला बांधलेली दोरी सोडवायला काचवाल्याने फडक्यातली कात्री उचलली, तेवढ्यात थोरलीने त्याच्या हातावर चापट मारली.

“ठेव ती! कापडाची आहे.”

“दोरी कापतोय.”

“दोरी नाही, कागद नाही, काही नाही. कापडाशिवाय दुसरं काही कापलं की धार जाते. बत्तीस वर्षं जपलीय.”

काचवाल्याने कात्री खाली ठेवली आणि दोरी दातांनी तोडली. त्याला राग आला नाही. काच कापायच्या आपल्या हिरकणीला तोही कुणाला हात लावू देत नसे.

पहिले काही दिवस एकमेकांचा अंदाज घेण्यात गेले. तिसऱ्या दिवशी थोरलीने मटार समजून बर्फाच्या कप्प्यातला डबा उघडला आणि तिथेच खाली बसली.

“मुक्या, यात उंदीर आहेत!”

“त्यांचं जेवण.”

“माझ्या भाजीला लागून?”

“वर लिहिलंय की. ‘हात लावू नये.’”

“‘उंदीर’ असं लिहायला काय झालं होतं?”

“लिहिलं असतं तर तू राहिली असतीस?”

 थोरलीने भाजी खालच्या कप्प्यात हलवली. हळूहळू तिला सापांची भीती वाटेनाशी झाली. दर आठवड्याला भाऊ दोन उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ करतो, लांब चिमट्याने एकेकाला एकेक देतो, हे तिने नीट पाहून घेतले. शिवाय आणखी एक गोष्ट तिच्या नजरेने टिपली: प्रत्येक पेटीत दुसरा एक साप सहज मावेल एवढी जागा रिकामी होती.

“मुक्या, दोघांना एकाच पेटीत घाल ना. खिडकी मोकळी होईल.”

“नाही.”

“का नाही?”

“नाही राहत.”

“तू विचारलंस त्यांना?”

“विचारलं होतं. महिनाभर. एक मरायला टेकला होता.”

“मग ही पेटी दुसरीकडं हलव.”

“दाराशी वारा लागतो. आत चुलीची वाफ. खाली काचेची धूळ.”

“म्हणजे सापाला वारा, वाफ, धूळ सोसत नाही, आणि मी झोपते स्वयंपाकघरात!”

हे वाक्य ती जरा मोठ्यानेच बोलली असावी, कारण त्याच संध्याकाळी जिन्यात सभा भरली. सभेला दोनच सभासद होते, पण दोघेही अध्यक्ष. एक पोस्टमास्तर, दुसऱ्या समोरच्या खोलीतल्या काकू, ज्यांचे दार सदैव वितभर उघडे असे.

“एकटं जनावर झुरतं हो,” काकू म्हणाल्या. “माझा पोपट बघा. एकटा होता तेव्हा दिवसभर माझ्याशी बोलायचा. मला दया आली, जोडीला मैना... म्हणजे दुसरा पोपट आणला.”

“मग?” थोरलीने विचारले.

“मग काय, माझ्याशी बोलणंच टाकलं मेल्यानं. पण सुखात आहेत!”

“एकी हवी, एकी,” पोस्टमास्तर म्हणाले. या मनुष्याने छत्तीस वर्षे एका पोत्यातली पत्रे वेगवेगळ्या खणांत टाकण्याचे काम केले होते, आणि कदाचित म्हणूनच वेगळेपणाचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. “एका छताखाली राहावं, वाटून खावं. भांड्याला भांडं लागायचंच. त्याला का भ्यायचं?”

दुकान बंद करून वर येणारा काचवाला दोघांच्या मधून वाट काढताना थांबला. नेहमीपेक्षा तो बराच जास्त बोलला.

“पेटीत ऊब एकाच कोपऱ्याला असते. लपायची जागाही एक. मोठा तिथं बसतो. धाकट्याला गारव्यात पडावं लागतं, मग त्याला पचत नाही, मग तो खात नाही. कधी दोघं एकमेकांवर पडलेले दिसतात, ते प्रेमानं नव्हे. ऊब एकच आहे म्हणून.”

“माणसांचं तरी वेगळं काय असतं?” काकू म्हणाल्या.

 फ्रीजमागच्या भिंतीलाही जरा ऊब असते, हे थोरलीला ठाऊक होते. पण खिडकी तिला हवीच होती, आणि हव्या असलेल्या गोष्टीपुढे माहीत असलेली गोष्ट माणूस सहज विसरतो.

अकराव्या दिवशी काचवाल्याला बाहेरगावी जावे लागले. एका नव्या शाळेच्या चव्वेचाळीस खिडक्यांना काचा बसवायच्या होत्या. दोन दिवसांचे काम. जाताना त्याने दोन्ही पेट्यांच्या मध्ये चिठ्ठी चिकटवली: ‘उद्या संध्याकाळी आल्यावर मी खायला घालीन. तू काही करू नकोस.’

मुलाच्या येण्याला चार दिवस उरले होते. थोरलीने चिठ्ठी दोनदा वाचली. त्यात खायला घालण्याबद्दल लिहिले होते, पेटी बदलण्याबद्दल नव्हते, असा अर्थ तिने काढला. काढायचाच म्हटल्यावर अर्थ काय, कशातूनही निघतो. तिने हाताला फडके गुंडाळले, उजव्याला उशीच्या अभ्र्यात घेतले आणि डाव्याच्या पेटीत सोडले. डावा हलला नाही. उजव्याने दोन प्रदक्षिणा घातल्या आणि तोही उबेच्या कोपऱ्यात जाऊन डाव्यावर वेटोळे करून पडला.

थोरलीने काकूंना हाक मारली. काकूंनी पोस्टमास्तरांना.

“बघा!” पोस्टमास्तरांनी पेटीकडे बोट दाखवले. “अकरा वर्षांनी भेटले. कसे गळ्यात गळा घालून पडलेत!”

“सापाला गळा कुठं असतो?” काकू म्हणाल्या.

“सगळा गळाच की तो!”

उजव्याची रिकामी पेटी खाटेखाली गेली आणि मशीन खिडकीशी आली. त्या दुपारी थोरलीने काकूंसाठी पडदा शिवला. काळ्या कापडावर काळा दोरा तिला टाक्यागणिक स्पष्ट दिसत होता. कुणी तिच्यावरून ओलांडून गेले नाही. “जरा सरकता का” असेही कुणी म्हणाले नाही. संध्याकाळी उजेड सरल्यावरही ती बराच वेळ मशीनवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर उजवा उबेच्या कोपऱ्यात नव्हता. पाण्याच्या वाटीमागे, पेटीच्या गार टोकाला, तो काचेला चिकटून पडला होता. मडक्याच्या तुकड्याखालून डाव्याचे तोंड तेवढे बाहेर दिसत होते, घरमालकासारखे.

“रुसलाय,” काकू म्हणाल्या.

“भुकेला असेल,” पोस्टमास्तर म्हणाले. “एकत्र जेवू दे. जेवणानं मनं जुळतात.”

थोरलीने तिन्ही मुलांना लहानपणी एका ताटात जेवू घातले होते. वाटून खायची सवय एका ताटानेच लागते, दोन ताटांनी नव्हे, यावर तिचा ठाम विश्वास होता. त्या विश्वासाला जागून तिने एकच उंदीर कोमट पाण्यात मऊ केला, चिमट्यात धरला आणि पेटीच्या बरोबर मध्ये ठेवला.

“वाटून खा रे,” ती म्हणाली.

डाव्याने डोके पकडले. त्याच क्षणी वाटीमागून उजवा आला आणि त्याने शेपटीकडची बाजू पकडली. पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली. मग दोघेही गिळू लागले. गिळायला सुरुवात केल्यावर थांबणे सापाच्या स्वभावात नसते. उंदीर दोन्हीकडून आत जाऊ लागला आणि दोन तोंडे संथपणे, निश्चयाने एकमेकांच्या जवळ येऊ लागली.

“आता काय होतं?” काकूंनी विचारले.

हे कुणालाच माहीत नव्हते. थोरलीने भावाला फोन लावला.

“मुक्या, कामात आहेस?”

“शिडीवर.”

“मग राहू दे.”

“काय झालं?”

“काही नाही. तुझा साप जरा लांब झालाय.”

“कोणता?”

“दोन्ही. म्हणजे दोघांचा मिळून एकच झालाय. दोन्ही टोकांना शेपटीच आहे.”

पलीकडे श्वास रोखला गेला. काच कापताना रोखतात तसा.

“एका पेटीत घातलेस,” काचवाला म्हणाला.

“आधी ओरडू नकोस.”

“ओरडत नाही. मध्ये उंदीर किती उरलाय?”

“चार बोटं.” थोरलीने काचेला डोळा लावला. “तीन.”

“नीट ऐक, ताई. डावा मोठा आहे. तो उंदरापाशी थांबणार नाही. उजव्याच्या तोंडावर चढेल आणि त्यालाही गिळायला लागेल. दोघंही जातील.”

“ओढून काढू?”

“ओढू नकोस. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, जबडे फाटतील. उंदीर मधोमध काप.”

“सुरीनं?”

“सुरीनं दाबला जाईल, हिसका बसेल. एका दमात कापायला हवा. चांगल्या धारेनं.”

 या घरात चांगल्या धारेची एकच वस्तू होती, हे दोघांनाही ठाऊक होते. तिचे नाव घ्यायला मात्र भाऊ तयार नव्हता.

“दोन बोटं उरली,” काकू ओरडल्या.

थोरलीने फोन पोस्टमास्तरांच्या हातात दिला. मशीनशेजारचे फडके उलगडले. कात्री उचलताना तिचा हात एकदाच थांबला. मग तिने बाही वर सारली, दोन्ही हात पेटीत घातले, कात्रीची पाती दोन तोंडांच्या मधोमध नेली आणि श्वास रोखला.

कच्.

दोघेही साप आपापला अर्धा हिस्सा घेऊन मागे हटले आणि वाटण्या झालेल्या भावांसारखे पाठ फिरवून गिळत बसले. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले होते. “झालं?” त्यांनी विचारले. “झालं,” काकू म्हणाल्या.  फोनमधून रोखलेला श्वास सुटल्याचे ऐकू आले.

थोरली बराच वेळ नळाखाली कात्री धूत होती. काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनाही आता जरा ओशाळल्यासारखे झाले होते.

“अहो, कापडाची होती ना?”

“होती,” थोरली म्हणाली. “सुनेनं एक दिवस या कात्रीनं दुधाची पिशवी कापली. मी काही बोलले नाही. सामान बांधलं.”

“एवढ्याशासाठी घर सोडलंत?”

“एवढंच एक माझं होतं त्या घरात.”

मग ती खोलीत आली, मशीन ओढत भिंतीशी नेली, खाटेखालची पेटी काढून पुन्हा खिडकीखाली ठेवली, दिवा लावला आणि खाणे झाल्यावर उजव्याला अलगद त्याच्या जागी सोडले. तो मडक्याच्या तुकड्याखाली शिरला आणि दिसेनासा झाला. खिडकी गेली होती, पण त्याचा तो शिरण्यातला घाईघाईचा समाधानीपणा पाहून तिला त्याचा राग आला नाही. लपायला आपली अशी जागा मिळाली की कसे वाटते, याचा तिला कालच दिवसभर अनुभव आला होता.

संध्याकाळी काचवाला आला. त्याने आधी डावी पेटी पाहिली, मग उजवी.

“शिव्या दे,” थोरली म्हणाली.

“जेवले दोघं?”

“अर्धा-अर्धा.”

“बरं.”

नळाशेजारी वाळत ठेवलेली कात्री त्याने उचलली, अंगठ्याच्या नखावर धार तपासून पाहिली, खिशात घातली आणि खाली दुकानात गेला. परत आला तो टेप घेऊन. त्याने दाराची रुंदी मोजली, खोलीची लांबी मोजली, छत मोजले; मशीनही मोजली. थोरलीने ओळखले, मशीन दारातून बाहेर कशी काढायची याचा हिशोब चालला आहे. तिने पिशव्या भरायला घेतल्या.

पुढचा दिवसभर दुकानातून करवतीचा आवाज येत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी काचवाला लाकडाच्या चौकटी वर घेऊन आला आणि खोलीच्या मधोमध ठोकू लागला.

“काय करतोयस?”

“खोली.”

“कुणाला? सापाला?”

तोंडात खिळे असल्यामुळे तो “हं” एवढेच म्हणाला.

थोरली आत जाऊन बसली. सापाने पेटीत राहून खिडकी घेतली, आता त्याला स्वतंत्र खोली. आणि आपण उद्या फ्रीजशेजारी. हात दाखवून अवलक्षण केले ते आपणच, असे म्हणून तिने तिसरी पिशवी बांधली. बाहेर ठोकाठोक चालू राहिली, मग थांबली, मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला.

“ताई, बघ.”

ती बाहेर आली. खोलीच्या मधोमध दुधी काचेची भिंत उभी होती. ती बरोबर खिडकीच्या मधल्या दांड्यावर जाऊन टेकली होती. खिडकीचे एक तावदान अलीकडे, एक पलीकडे. अलीकडच्या तावदानाखाली उजव्याची पेटी होती. पलीकडच्या तावदानाखाली मशीन होती, आणि मशीनवर कात्री. भिंतीत एक दार होते. त्यावर सुबक अक्षरांत कोरले होते: ‘कृपया बाहेर थांबावे. बोलावल्याशिवाय आत येऊ नये.’

“अरे, हे त्या दंतवैद्याचं ना? गिऱ्हाईकाचा माल?”

“हं.”

“आणि तो आला न्यायला तर?”

“बाहेर थांबेल. लिहिलंय.”

थोरलीने आत पाऊल टाकले. दाराला कडी होती, आतून. तिने कात्री उचलली आणि मशीनवर पडलेल्या काळ्या कापडाच्या तुकड्याला लावली. पाती न चावता, न अडखळता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

“सहाणेवर घेतली,” काचेपलीकडून काचवाला म्हणाला. “काचेच्या धारा करतो, कात्रीची न व्हायला काय झालं.”

 थोरलीने कडी लावून पाहिली. मग काढून पाहिली. मग पुन्हा लावली.

पंधराव्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. जिन्यात त्याला काकू भेटल्या, पोस्टमास्तर भेटले, आणि त्याच्या आधी दोघेही वर पोचले. मुलगा दुधी दारापुढे येऊन उभा राहिला, अक्षरे वाचली आणि आपण बरोबर घरात आलो आहोत ना, अशा नजरेने त्याने मामाकडे पाहिले. आत मशीन चालू होती. शिवण संपेपर्यंत ती थांबली नाही. मग कडी निघाली.

“आई, चल. सगळे वाट बघतायत. आपलं एकत्र घर सोडून इथं कुठं...”

“एकत्र येत जा की,” थोरली म्हणाली. “दर रविवारी या, सगळे. मी सगळ्यांचं शिवून ठेवीन. राहायचं तेवढं म्हणू नकोस. चहा घेणार?”

मुलाने चहा घेतला. सामानाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. उजव्याच्या पेटीकडे पाठ करून बसल्यामुळे त्याचे चहाकडेही फारसे लक्ष नव्हते.

पोस्टमास्तरांना मात्र राहवेना. भिंतीच्या नव्या चौकटीवर एक तळवा टेकून, दुसरा हात छातीवर ठेवून ते बोलू लागले. सख्खी भावंडे, एकाच आईच्या पोटची. इतक्या वर्षांनी आता कुठे पुन्हा एका छताखाली आली, आणि मध्ये भिंत? जग हसेल. सापांचे ठीक आहे, ती मुकी जनावरे. पण माणसांनी असे आपापल्या खणात राहायचे म्हणजे एकी ती कुठे उरली? काकू मान डोलावत होत्या. “खरं सांग,” पोस्टमास्तरांनी शेवटी विचारले, “भांडलात ना तुम्ही दोघं?”

काचवाल्याने हातातली पट्टी खाली ठेवली.

“भांडलो नाही. खिडकी एक होती, मागणारे दोन होते, दोघांनाही दिली. आता हात काढा, पुट्टी ओली आहे.”